फरशीला फुटलेलं कोड

पालमच्या बसस्टँडमागं राहणारा बन्सीधर मिस्त्री शाबादी फरशी कानानं पारखतो. ट्रकमधून माल उतरला की एकेक फरशी भिंतीला उभी करायची आणि हातोडीच्या दांड्यानं मधोमध टकटक करायचं. खणखणीत आवाज आला की ती उजवीकडं, भद्द आला की डावीकडं. भद्द बोलणाऱ्या फरशीच्या पोटात चीर असते नाहीतर थर सुटलेला असतो, वरून ती किती का गुळगुळीत दिसेना. डावीकडच्या फरशा न्हाणीच्या मागं किंवा गोठ्यात जातात. गिऱ्हाइकाला तो हे आधी सांगतो. त्यामुळं काही गिऱ्हाइकं जातात, पण गेलेली बहुतेक परत येतात.

वय बावन्न. त्यातली चौतीस वर्षं हेच काम. त्याची बायको नर्मदाबाई सिमेंट-वाळूचा माल कालवते, पाणी मारते आणि तो बोलत नाही ते सगळं बोलते.

काम तो शाबादलाच शिकला. अठराव्या वर्षी एका फरशीच्या ट्रकवर बसून गेला आणि तीन वर्षं खाणीवर राहिला. तिथं दगड फोडत नाहीत, उलगडतात. जमिनीत थरावर थर असतात, वहीच्या पानासारखे. छिन्नी लावून पहार घातली की एकेक पान सुटून येतं. खाणीवर एक म्हातारा मुकादम होता. पहिल्याच आठवड्यात त्यानं बन्सीधरला सांगितलं, "इसकू फत्तर नको समझ बेटा. ये दरिया की गाद है."

शाबादपासून समुद्र किती लांब आहे हे बन्सीधरला भूगोलात शिकवलं होतं, म्हणून हा समुद्राचा गाळ आहे असं ऐकून तो हसला. मुकादमानं वाद घातला नाही. दोन दिवसांनी खाणीतून एक फरशी निघाली, तिच्यावर बारीक बारीक लाटा होत्या. ओढ्याच्या काठी वाळूवर पाणी ओसरल्यावर राहतात तशाच, फक्त दगडाच्या. बन्सीधरनं त्यांच्यावरून हात फिरवला आणि त्यानंतर मुकादम सांगेल ते ऐकत गेला. आपल्या परभणीकडचा काळा दगड आगीतून आला आणि हा पाण्यातून, हे त्याला तिथं कळलं. हाच दगड भट्टीत भाजला की चुना होतो, तोच मुकादम तंबाखूला लावायचा, त्याचीच भिंतीला सफेदी आणि त्याच जातीच्या दगडाचं पोत्यातलं सिमेंट. "म्हणजे फरशी बसवताना खाली बी तीच, वर बी तीच," असं तो घरी आल्यावर आईला म्हणाला. आई म्हणाली, "तीन साल हेच शिकलास व्हय?"

तेहतिसाव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या बोटांना कोड आलं. आधी दोन टोकं पांढरी झाली, मग पूर्ण बोटं, मग डाव्या हाताला. परभणीच्या डॉक्टरनं पाहिलं आणि हे लागत नाही, कुणाला तुमच्यापासून होणार नाही, तुम्हालाही यापासून काही धोका नाही, असं सांगून एक ट्यूब दिली. ट्यूब संपली, कोड मनगटापर्यंत आलं. नर्मदाबाई म्हणाली, "लोकं गोरं व्हायला काय काय चोपडायलेत. तुमचं फुकटात व्हायलंय." त्यावर घरातली चर्चा संपली. गावानंही दोन-चार वर्षं बघितलं आणि सोडून दिलं. निम्म्या पालममध्ये लोक त्याच्या हातच्या फरशीवर बसून जेवत होते.

गावाच्या वरच्या अंगाला देवीचं ठाणं आहे. तिथं कमिटीनं नवा सभामंडप बांधायला काढला, तेव्हा कमिटीचे अध्यक्ष माणिकराव यांनी फरशीचं काम बन्सीधरला सांगितलं. त्यानं आजवर शाळेच्या खोल्या केल्या, मंगल कार्यालय केलं, न्हाण्या आणि स्वयंपाकघरं तर मोजली नाहीत, पण देवीसमोर काम करायची वेळ कधी आली नव्हती. दर शुक्रवारी तो नर्मदाबाईला घेऊन दर्शनाला जायचा आणि जुन्या उखणलेल्या कोब्यावर उभा राहून हात जोडायचा. देवीकडं त्यानं कधी काही मागितलं नव्हतं. माणिकरावांनी काम सांगितल्यावर मात्र मागितलं: हे काम माझ्या हातून होऊ दे.

चैताच्या जत्रेआधी फरशी बसायची होती. मंडपाचे खांब उभे राहिले, मुरूम भरून झाला. मग एके दिवशी माणिकराव रस्त्यात भेटले आणि चप्पल बघत बोलले.

"मिस्त्री, थोडं थांबू."

"मुरूम बसायचाय का अजून?"

"मुरूम बसलाय. तुमी व्यंकटरावाकडं जाऊन आलात का एवढ्यात?"

"न्हाई. कामून?"

"जाऊन या," माणिकराव म्हणाले, आणि निघून गेले.

व्यंकटरावांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. दिवाळीला त्यांनी नवं घर बांधलं. त्यांना टाइल पाहिजे होती. त्यांच्या आईनं, बायनाबाईंनी, हट्टानं शाबादी बसवून घेतली. टाइलवर पाय घसरतो आणि उन्हाळ्यात तिच्यावर अंग टाकलं तरी थंड वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. बन्सीधरनं स्वतः परभणीहून पॉलिशचं मशीन आणून ती फरशी घासली होती. निळसर काळी, चेहरा दिसेल अशी.

दोन महिन्यांत देवघरापुढं तिच्यावर पांढरे डाग आले. आधी तिळाएवढे, मग रुपयाएवढे, मग एकमेकांना मिळून तळहाताएवढे. फिनेल झालं, रॉकेल झालं, काही निघेना. संक्रांतीला आलेल्या कुण्या पाहुणीनं हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवलं, डाग बघितले आणि सहज म्हणाली, "अगं बाई, फरशीला कोड फुटलं की." मग कुणीतरी विचारलं, मिस्त्री कोण होता. मग कुणीतरी सांगितलं.

बाकीचं गावानं आपापलं जुळवलं. ज्यांच्या घरी बन्सीधरची फरशी वीस वर्षं होती त्यांनीही संध्याकाळी पलंग सरकवून खाली बघितलं म्हणे.

बन्सीधरला हे सगळं नर्मदाबाईनं नळावरून आणून सांगितलं. त्यानं भाकरी संपवली, हात धुतले आणि हात जरा वेळ बघितले.

"चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"फरशी बघायला."

व्यंकटराव घरीच होते. त्यांनी दोघांना आत घेतलं, खुर्च्या दिल्या, आणि त्या खुर्च्यांवर कुणी बसत नाही म्हटल्यावर अवघडून उभे राहिले. बन्सीधर देवघरापुढं उकिडवा बसला. डाग त्यानं बोटानं चाचपले. पॉलिश गेलं होतं, दगड खरबरीत झाला होता, नखाला लागत होता. सगळे डाग अर्धगोल पसरलेले होते, आणि त्या अर्धगोलाच्या मध्ये एक चौकोन अगदी काळाभोर, नवा.

"इथं पाट असतो का?" त्यानं विचारलं.

"माझा," आतून बायनाबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, कमरेत थोड्या वाकलेल्या. "बसायचा पाट. का रं बन्सी?"

"मावशी, देव कव्हा धुता तुमी?"

"गुरुवारी. आन् एकादशीला. चिंच लावून घासते, वरून लिंबाची फोड फिरवते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, ताम्हण, समई. आमच्या सासूची रीत हाय. पितांबरी-फितांबरी आपल्याला जमत न्हाई."

"हितंच बसून?"

"देवाचं देवापुढंच करावं. मोरीवर नेऊ का त्यांला?"

बन्सीधरनं पाटाच्या चौकोनावरून पुन्हा बोट फिरवलं. त्याला काय झालंय ते कळलं होतं. आता ते या बाईला कसं सांगावं, हे कळत नव्हतं. चाळीस-पन्नास वर्षं गुरुवार न चुकवलेल्या बाईला, मावशी, फरशी तुमच्या देवपूजेनं गेली, असं तोंडावर कसं म्हणायचं. नर्मदाबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिलाही कळलं होतं, आणि तिला अशी काही अडचण नव्हती.

"मावशी, फरशीला तुमी चिंच चारायलात," ती म्हणाली.

मग बन्सीधरला बोलावंच लागलं. त्यानं घरामागं पडलेला त्याच मालातला एक तुकडा आणला. अंगणातल्या झाडाचं लिंबू मागितलं. तुकड्याची एक कड छिन्नीनं खरवडून थोडी पूड केली आणि तिच्यावर लिंबू पिळलं. पूड फसफसली, साबणाच्या फेसासारखी, बारीक आवाज करत. तुकड्याच्या पॉलिश बाजूवरही त्यानं चार थेंब टाकले आणि सगळ्यांना थांबायला सांगितलं. चौघं त्या तुकड्याभोवती बसून राहिले. काही वेळानं त्यानं धोतराच्या सोग्यानं थेंब पुसले. खाली चार पांढरट ठिपके होते.

"ह्या दगडात चुना हाय," बन्सीधर म्हणाला. "चुना आन् आंबट एका जागी नांदत न्हाईत."

व्यंकटरावांनी तुकडा उचलून ठिपके बघितले. मग म्हणाले, "म्हणजे चुनखडी."

"त्याच जातीचा."

"च्यायला. दुकानात मी रोज शेतकऱ्याला सांगतो, मोसंबी पिवळी पडली तर मातीवर आम्ल टाकून बघा, फसफसली तर जमिनीत चुनखड हाय. आन् माझ्याच घरात मला कळंना?"

त्यानंतर व्यंकटरावांना राहवेना. त्यांनी आतून ताक आणलं, शीतपेयाची अर्धी बाटली आणली, लोणच्याचा खार आणला आणि तुकड्यावर ओळीनं टाकून बघत बसले. खुषीत आलेला माणूस दिसतो तसे दिसत होते. नर्मदाबाईनं उरलेली लिंबाची फोड उचलली आणि त्यांच्यापुढं धरली.

"आता ह्यांच्या हातावर पिळा."

"कशाला वहिनी?"

"पिळा की. फसफसलं तर आमी खोटे."

व्यंकटरावांचा हात पुढं येईना. बन्सीधरनं आपला उजवा हात मात्र पुढं केला होता, मनगटापर्यंत पांढरा, आणि तो मागंही घेतला नाही. शेवटी बायनाबाईंनी नर्मदाबाईच्या हातातून फोड घेतली, त्याचा हात आपल्या डाव्या हातात धरला आणि लिंबू पिळलं.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"झोंबलं," बन्सीधर म्हणाला. "छिन्नी लागलेली सकाळी."

"फेस?"

"न्हाई."

"व्यंकट, बघितलंस?" बायनाबाई म्हणाल्या. "आता जा, ज्यांला ज्यांला सांगितलंस त्यांला सांगून ये."

व्यंकटराव खरंच गेले. तो तुकडा आणि खिशात दोन लिंबं घेऊन ते स्टँडपर्यंत सगळ्या हॉटेलांत जाऊन आले. दोन दिवसांत पालममध्ये फरशीवर लिंबू पिळलं नाही असं घर राहिलं नाही. ज्यांच्या घरी फसफसलं त्यांचं समाधान झालं आणि फरशीला डाग पडला.

तिसऱ्या दिवशी माणिकराव स्वतः बन्सीधरच्या घरी आले. नर्मदाबाईनं चहा ठेवला. माणिकराव मोकळेपणानं बोलले.

"मिस्त्री, तुमच्या हातात काही खोट न्हाई. मी तर आधीपासून म्हणत होतो."

"कुणाला म्हणत होता?" नर्मदाबाईनं आतून विचारलं.

माणिकरावांनी ते ऐकलं नाही. "पण आता पंचाईत अशी झाली की, खोट फरशीत हाय. आपल्या देवीपुढं मंगळवार-शुक्रवार लिंबं कापतेत. जत्रेत तर टोपलीनं. उंबऱ्यापुढं सगळा रस सांडतो. दोन वर्षांत तिथं पांढरं मैदान होईल. मंग कमिटी म्हणती, टाइल बसवू. टाइलचा माणूस नांदेडहून येतो."

ते खरंच होतं. आणि खरं आहे हे बन्सीधरनंच गावाला दाखवलं होतं.

माणिकराव गेल्यावर नर्मदाबाई कप विसळत म्हणाली, "हात सुटले आन् काम गेलं. फरशीला हाताचंच कोड हाय म्हणून गप बसला असता तर निदान फरशीची इज्जत राहिली असती."

"मंग ती माझी गेली असती."

"तुमची मी सांभाळली असती," ती म्हणाली.

त्या शुक्रवारी तो दर्शनाला गेला, तेव्हा हात जोडून काय म्हणावं ते त्याला सुचेना. मागितलेलं परत घ्यावं का, असं एकदा मनात आलं. मग वाटलं, काय द्यायचं आणि काय नाही हे देवीला कळतं, आपण मध्ये बोलू नये. उंबऱ्यापाशी लिंबाच्या साली पडल्या होत्या, त्या त्यानं गोळा करून बाजूला टाकल्या आणि घरी आला.

सोमवारी तो व्यंकटरावांकडं डाग काढायला गेला. दगड वरवर जळलेला असला तर पुन्हा घासून पॉलिश चढतं. मशीन लावलं, पाणी सोडलं, आणि दुपारपर्यंत देवघरापुढची फरशी पुन्हा काळी झाली. बायनाबाईंनी चष्मा लावून बघितली.

"आता गुरुवारी देव कुठं धुवू, ते सांग."

"परातीत धुवा, मावशी. खाली सांडू देऊ नका."

"माझे हात थरथरतेत. सांडणारच."

"मंग मागल्या अंगणात बसा."

"अंगणात मातीत?"

"मातीत कामून? तो दगड हाय की पडलेला."

मागल्या दारातून दिसणाऱ्या भिंतीला टेकून एक पाटा उभा होता. मिक्सर आल्यापासून कुणी हात लावला नव्हता. वरवंटा कुठं गेला तेही माहीत नव्हतं. पाट्याच्या वर कोंबडी बसायची. बन्सीधर नुसता बोलायला बोलून गेला होता. बायनाबाई मात्र तिकडं बघत राहिल्या.

"ह्याच्यावर मी तीस वर्षं चिंचेची चटणी वाटली," त्या म्हणाल्या. "जवसाची, कारळाची, कवठाची. लिंबू पिळून पिळून मिरचीचा ठेचा केला. ह्याला कसं काही झालं न्हाई रं बन्सी?"

बन्सीधर उठून अंगणात गेला.

त्यानं पाटा आडवा केला, पाणी टाकून धुतला आणि लिंबू मागितलं. पिळलं. काही झालं नाही. दुसरं पिळलं. आंबट पाणी छिन्नीनं टाकी लावून पाडलेल्या खळग्यांत नुसतं साचून राहिलं. आपल्याकडचा काळा दगड, आगीतून आलेला, चुन्याशी ज्याची ओळख नाही. चौतीस वर्षं तो हे लोकांना सांगत आला होता, आणि स्वतःच्या कामाला ते लावायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मावशी, चला माझ्यासंगं माणिकरावाकडं."

"थांब, लुगडं बदलते."

माणिकरावांच्या ओट्यावर कमिटीचे चौघं-पाचजण जमले. बन्सीधरनं सांगितलं ते असं: मंडपाला शाबादीच, पण देवीच्या उंबऱ्यापुढं, जिथं लिंबं कापतात, तिथं चार हात रुंद पट्टा काळ्या दगडाचा. खाणीवरून नवा दगड घडवून आणायला जत्रा उलटेल. घरोघरचे पाटे मात्र घडवलेले तयार आहेत, मागल्या अंगणात पडलेत, आणि टाकी लावलेले असल्यामुळं पाय घसरणार नाही.

माणिकरावांनी कपाळाला आठी घातली. "देवीपुढं चटणीचे पाटे? लोक काय म्हणतील?"

"चटणीचे कामून?" बायनाबाई म्हणाल्या. "तुझ्या लग्नाची हळद कशावर वाटली होती? आन् तुझ्या बारशाला आधी पाळण्यात कुणाला घातलं होतं, तुला का वरवंट्याला? मी होते तिथं. पाळण्याची दोरी माझ्या हातात होती."

कमिटीतला एकजण खाली बघून हसला. माणिकराव म्हणाले की, कमिटीला हरकत नसली तर त्यांचीही नाही.

पाटे किती लागतील असं विचारलं, तेव्हा बन्सीधरनं नऊ सांगितले. आले तेवीस. काही बायकांनी डोक्यावर आणले, एक सायकलच्या कॅरियरला बांधून आला, एक थेट ट्रॅक्टरमधून. नको असलेली वस्तू असली तरी ती देवीपुढं बसणार म्हटल्यावर जो तो तिचा इतिहास सांगू लागला. आपला पाटा उंबऱ्याला लागून बसावा यावरून दोन जावांत बोलणं बंद झालं. बन्सीधरनं दोघींचे पाटे दोन टोकांना बसवले आणि मध्ये बायनाबाईंचा. चार जणी आपले पाटे परत घेऊन गेल्या, पण बहुतेकींनी तिथंच ठेवले, म्हणून पट्टा ठरल्यापेक्षा रुंद झाला.

काम सोपं नव्हतं. शाबादी सरळ रेषेत सुटते. काळा दगड छिन्नीला दाद देत नाही. तीन छिन्न्यांची टोकं गेली. पाटे कमी-जास्त जाडीचे, एकाची पाठ फुगीर तर एकाला पाय; खाली माल कमी-जास्त घालून बन्सीधरनं त्यांचं तोंड एका दोरीत आणलं. नर्मदाबाई माल देत होती आणि कुठला पाटा कुणाचा हे पाठ म्हणत होती. पट्टा झाल्यावर शाबादी. एकेक फरशी त्यानं वाजवून घेतली आणि डावीकडं गेलेल्यांपैकी एकही मंडपात येऊ दिली नाही.

जत्रेच्या आठ दिवस आधी फरशी पूर्ण झाली. पूजा झाली, नारळ फुटला, आणि मग माणिकरावांनी खिशातून लिंबू काढलं. बरीच माणसं जमली होती. त्यांनी लिंबू कापून बायनाबाईंच्या पाट्यावर पिळलं. सगळे वाकून बघू लागले. काहीच झालं नाही. एवढी माणसं काहीही न होताना इतक्या लक्षपूर्वक बघतायत, असं बन्सीधरनं आधी कधी पाहिलं नव्हतं.

"झालं," कुणीतरी म्हणालं. "म्हणजे न्हाई झालं. चांगलं झालं."

माणिकरावांचं समाधान झालेलं दिसेना. त्यांच्या हातात दुसरी फोड होती. ते दोन पावलं मागं सरकले.

"आता हिच्यावर होतंय का ते बघू," असं म्हणून त्यांनी ती नव्या शाबादीवर पिळली.

झालं. माणिकरावांनी पटकन उपरण्यानं पुसलं, पण तोवर मंडपाच्या मधोमध, ज्या जागी बसून भजनी मंडळी टाळ वाजवणार होती तिथं, तळहाताएवढा पांढरट डाग उमटला होता. माणिकराव डागाकडं बघत होते, मग बन्सीधरकडं.

"मशीन आणून घासता येईल ना?"

"येईल," बन्सीधर म्हणाला. "पण राहू द्या."

"देवीच्या मंडपात डाग?"

"कुणी इचारलं तर दाखवायला बरंय. न्हाईतर पुढच्या जत्रंला आणखी कुणीतरी पिळून बघंल."

माणिकरावांना हे पटलं असावं, कारण त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. बन्सीधरनं थापी, दोरी आणि हातोडी बादलीत टाकून बाहेर नेऊन ठेवली, हात धुतले, आणि पाट्यांवरून चालत नर्मदाबाईबरोबर आत दर्शनाला गेला.